हानाकोचं भारनियमन

कस्तुरी : तिसरा रकाना. 'प्राण्याशी तुमचं नातं.' काय लिहू?

अवधूत : मालक लिही.

कस्तुरी : मालक कुरोदा-सान आहेत. तुझे बॉस. आणि ते तिकडे पुण्यात तुझ्या कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये बसलेत, आणि आपण इथे जपानमध्ये प्राण्यांच्या दवाखान्यात.

अवधूत : मग पालक.

कस्तुरी : घोरपडीचे पालक.

अवधूत : तात्पुरते. जूनअखेरपर्यंत. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

कस्तुरी : अजून तरी काही नाही. अजून आपण तिसऱ्याच रकान्यात आहोत. बाबा, तो खोका खाली ठेवा हो. चार किलोची आहे ती, पायांना रग लागेल.

बाबा : लागू दे. माझी ऊब मिळते तिला.

कस्तुरी : शालसुद्धा गुंडाळलीत?

बाबा : सत्काराची आहे. गेल्या वर्षी रिटायर झालो तेव्हाची. नुसती घडी पडून होती.

अवधूत : बाबा, मे महिना चालू आहे. समोरच्या सशावाल्या बाई मघापासून बघतायत. खोक्यातून शेपूट बाहेर आणि वर जरीकाठी शाल. आपण नक्की काय आणलंय याचा त्यांना अंदाज येत नाहीये.

बाबा : न आलेलाच बरा. ससा घाबरेल.

कस्तुरी : नाव हानाको. वय नऊ वर्षं. जात...

बाबा : इथेही जात विचारतात?

कस्तुरी : प्रकार हो, बाबा. सवाना घोरपड, आफ्रिकेतली. 'काय त्रास होतोय.' आठ दिवस काही खाल्लं नाही. बारा दिवस पोट साफ नाही. एरवी हात लावला की फुत्कारते, आज सकाळी मी तिचं पोट चेपून पाहिलं तर डोळासुद्धा उघडला नाही. एवढं पुरे ना?

अवधूत : थोडं सौम्य लिही. वाचून डॉक्टरांना वाटेल आपण उशिरा आणलं.

कस्तुरी : आपण उशिराच आणलं. 'आहार. काय, किती, आठवड्यातून किती वेळा.'

अवधूत : हे सोपं आहे. कुरोदा-सानच्या मॅन्युअलमध्ये आहे ते उतरव. आठवड्यातून दोनदा, नाकतोडे, झुरळं आणि एखादा उंदीर.

कस्तुरी : मॅन्युअलमध्ये आहे ते लिहायचं, की घरात झालं ते?

अवधूत : म्हणजे?

कस्तुरी : उंदीर मी दिलेच नाहीत.

अवधूत : फ्रीझरमध्ये बारा उंदीर होते. कुरोदा-सान स्वतः मोजून देऊन गेले.

कस्तुरी : अजून बाराच आहेत. तू फ्रीझर उघडतोस कधी? मटारांच्या पिशवीमागे आहेत. पहिल्याच आठवड्यात पाकीट बाहेर काढलं आणि कॅलेंडरकडे लक्ष गेलं, तर संकष्टी. ज्याच्यासाठी चंद्राची वाट बघत उपाशी बसायचं, त्याचंच वाहन कोमट पाण्यात वितळवायला ठेवायचं? माझा हातच होईना.

अवधूत : संकष्टी महिन्यातून एकदा येते.

कस्तुरी : दुसऱ्या दिवशी उंदीर तेच होते ना पण.

बाबा : तिचं म्हणणं बरोबर आहे.

अवधूत : मग महिनाभर ती जगली कशावर?

कस्तुरी : अंड्यांवर. उकडलेल्या. आधी एक दिवसाआड एक. मग रोज एक. मग रोज दोन.

अवधूत : रोज दोन? ती अंथरुणातून उठून ट्रेन पकडून ऑफिसला जात नाही, कस्तुरी. दगडावर पडून असते.

कस्तुरी : मान टाकायची रे ती. अशी, एका बाजूला. मला वाटलं अशक्तपणा आलाय. मग संध्याकाळी मी हातानं भरवायची. तोंड फिरवलं की म्हणायची, एवढं एक घे, मग नको घेऊस.

अवधूत : घोरपडीला आग्रह केलास.

कस्तुरी : दुसऱ्याची आहे ती. राहायला आलीय आपल्याकडे. कुरोदा-सान परत आल्यावर म्हणाले असते की माझी हानाको तुमच्याकडे वाळली, तर तू तोंड दाखवलं असतंस का त्यांना?

बाबा : रोज दोन कधीपासून द्यायला लागलीस?

कस्तुरी : तुम्ही आल्यानंतर दोन-चार दिवसांनी. तेव्हापासूनच मान टाकायला लागली ती. योगायोग हो, तुमचा काय संबंध.

बाबा : हं. पुढे काय विचारलंय?

कस्तुरी : 'शेवटचं कधी खाल्लं.' मागच्या मंगळवारी.

अवधूत : परवा लिही.

कस्तुरी : परवा का?

अवधूत : म्हणजे असं की, हा कागद उद्या कुरोदा-सानच्या हातात पडला, तर तारखा जुळायला हव्यात.

कस्तुरी : कशाशी?

अवधूत : मेलशी.

कस्तुरी : कुठल्या मेलशी? थांब. रविवारी जेवताना तू मला त्यांचं मेल वाचून दाखवलंस. 'हानाकोची भूक पाहून समाधान वाटलं.' मी तेव्हाच म्हणणार होते, यांना कुठली भूक दिसली. मला वाटलं, माणूस एकटा राहतो, कल्पना करून घेत असेल.

अवधूत : त्यांना रोज रिपोर्ट हवा होता. शनिवार, रविवार, गोल्डन वीकची सुट्टी, सगळे दिवस. पहिले दहा दिवस मी हातानं लिहिले. खोलीत जाऊन, थर्मामीटर बघून, फोटो काढून. मग प्रोजेक्टची डिलिव्हरी आली. तेव्हा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला.

बाबा : म्हणजे काय केलंस?

अवधूत : त्यात नऊ वाक्यं आहेत आणि सात फोटो. तो रोज सकाळी आठला त्यातली तीन वाक्यं उचलतो, एक फोटो जोडतो आणि पाठवून देतो. मी दारात बूट घालत असतो तेव्हा.

कस्तुरी : आणि दिव्याखालचं तापमान?

अवधूत : एकावन्न ते चोपन्नमधला कुठलाही आकडा. रोज एकच आला असता तर संशय आला असता.

बाबा : मीटर न बघता रीडिंग टाकलंस.

अवधूत : टेक्निकली हो.

बाबा : आमच्या वीज मंडळात असं रीडिंग टाकणारा सापडला की घरी बसवायचे.

अवधूत : बाबा, आमच्या कामात प्रोजेक्टचं स्टेटस हिरवं, म्हणजे सगळं ठीक, ठेवायचं असतं. लाल केलं की मीटिंग लागते. पिवळं केलं तर दोन लागतात.

कस्तुरी : आणि आठ दिवस ती उपाशी आहे, त्याचं काय? बंद नाही करायचा तो प्रोग्रॅम?

अवधूत : विसरलो.

कस्तुरी : अवधूत.

अवधूत : विसरलो नाही. बंद केला असता तर का बंद केला ते लिहावं लागलं असतं. आज सकाळीही गेलंय. 'हानाको-सान आज विशेष उत्साहात आहे.' फोटो एप्रिलमधला. मी डोकावून पाहिलं तर त्यांचं उत्तरही आलेलं. 'आज तिचा रंग छान दिसतो.' तोच फोटो चौथ्यांदा गेला होता.

कस्तुरी : मंगळवारच लिहिते मी.

अवधूत : लिही.

कस्तुरी : 'दिव्याखालचं तापमान. दिवा रोज किती तास चालू असतो.' चला, हा एक रकाना तरी सरळ आहे. सकाळी आठ ते रात्री आठ. बारा तास.

बाबा : चार लिही.

कस्तुरी : काय चार?

बाबा : तास. चार तास लिही.

अवधूत : बाबा, दोन्ही दिवे बारा तास असतात. सकाळी मी स्वतः बटण दाबून निघतो.

बाबा : तू आठला दाबतोस. कस्तुरी साडेनऊला तिच्या त्या बेंतोच्या, जेवणाच्या डब्यांच्या दुकानात कामाला जाते. दहाला मी बंद करतो. संध्याकाळी सहाला परत लावतो. आठला तुमच्या नियमानं बंद. झाले चार. खोटं वाटत असेल तर ही वही बघ.

अवधूत : ही कसली वही?

बाबा : लॉगशीट. वाच.

अवधूत : 'एकोणीस एप्रिल. दहा-शून्य-शून्य, सप्लाय बंद. अठरा-शून्य-शून्य, सप्लाय चालू. वीस एप्रिल. दहा-शून्य-शून्य, सप्लाय बंद.' बाबा, पुढची सगळी पानं अशीच आहेत. खाली सह्या आहेत.

बाबा : नोंद केल्याशिवाय मी आयुष्यात कधी सप्लाय बंद केला नाही.

कस्तुरी : बाबा, तुम्ही तिचं लोडशेडिंग केलंत?

बाबा : आठ तास. आपल्या घरी बार्शीला आहे तेवढंच. एक मिनिट जास्त नाही.

कस्तुरी : पण मी तीनला घरी येते की. मला दिसलं कसं नाही?

बाबा : ती माझ्या खोलीत आहे, आणि मी दुपारी आडवा होतो म्हणून तू दार उघडत नाहीस. तुझा चांगुलपणा. सहानंतर तू अंडं घेऊन यायचीस तेव्हा दिवा चालू असायचा.

अवधूत : पण का? बिलाची काळजी होती तर मला विचारायचं.

बाबा : बिलाची नव्हती. सांगतो, पण मधे बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही. मी दहाला लताला, तुझ्या आईला फोन लावायचो. तिकडे साडेसहा झालेले असतात, तिची कामं सुरू व्हायच्या आधी. तिला विचारायचो, काल कसं गेलं. ती म्हणायची, छान. तुम्ही जपान बघा. मग मागून तुझ्या बहिणीच्या, सुलेखाच्या बाळाचं रडणं ऐकू यायचं. महिन्याचं पोर, बेचाळीस डिग्री, दिवसभर पंखा बंद. लता त्याला वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसते. तिचा खांदा आधीच दुखरा. हे ती सांगत नाही, सुलेखा सांगते. बाळंतपण होतं तर मी इकडे यायलाच नको होतं. पण तिकीट आधी काढलेलं, आणि लता म्हणाली, बाळंतपणात तुमचं काय काम, पायात पायात याल.

कस्तुरी : बाबा, पाणी देऊ का?

बाबा : नको. तर मी फोन ठेवायचो, आणि समोर ही. दगडावर पसरलेली, डोळे मिटून. एक दिवा उबेचा, एक कसल्या किरणांचा. बाहेर लख्ख ऊन आणि हिला आत दोन दिवे. मी तीस वर्षं सबस्टेशनवर होतो. शेवटची वर्षं रोज वेळापत्रक हातात घेऊन फीडर पाडले, म्हणजे एकेका भागाची वीज बंद केली. त्यात आमच्याच गल्लीचा फीडर असायचा. लताला फोन करायचो, गिरणीत आत्ताच जाऊन ये, दहाला मी बंद करणार आहे. एक दिवस सूट दिली नाही घराला. आणि इथे एक घोरपड चोवीस तास सप्लाय खातेय.

अवधूत : बारा.

बाबा : मधे बोलू नकोस म्हटलं ना. इथला दिवा बंद केला म्हणून बार्शीचा पंखा फिरत नाही, एवढं मला कळतं. मी सर्किट समजणारा माणूस आहे. पण पहिल्या दिवशी बटण बंद केलं आणि जरा बरं वाटलं. कुणाचा तरी हिशेब सारखा केल्यासारखं. मग रोज करायला लागलो. तो दिवा तिच्या पचनाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, शोभेचा आहे. लोक माशांच्या टाकीत लावतात तसा.

कस्तुरी : तुला माहीत होतं, अवधूत?

अवधूत : मॅन्युअलचं सहावं पान. ऊब नसेल तर पोटातलं अन्न तसंच राहतं. चौदा पानांचं मी दोन पानी मराठी केलं होतं, त्यातही आलंय ते. तुला दिलं. बाबांना दिलं नाही. वाटलं, सहा आठवड्यांसाठी येतायत, त्यांचा घोरपडीशी काय संबंध येणार.

कस्तुरी : माझ्याकडे होतं ते पान. फ्रिजवर चिकटवलेलं आहे. मान टाकली तेव्हा दिवा बघायचं सोडून मी अंडं उकडायला ठेवलं. 'चार' लिहिते, बाबा.

बाबा : आणि कंसात कारण लिही. सून जबाबदार नाही म्हणून.

कस्तुरी : सून जबाबदार आहेच, बाबा. आणि इथे कंसाला जागाही नाही. नर्स हाक मारतेय. 'हानाको-सान.' चला.

(तिघं खोका घेऊन आत जातात. चाळीस मिनिटांनी बाहेर येऊन त्याच बाकावर बसतात. शाल बाबांच्या हातात आहे, खोका रिकामा आहे.)

अवधूत : मला अर्धं कळलं. डॉक्टर एक्स-रे दाखवत होते तेव्हा तू मान हलवत होतीस, म्हणून मीही हलवली.

कस्तुरी : पोटात अंडी तशीच आहेत. मी महिनाभर भरवलेली. गार पोटात अन्न पचत नाही, कुजतं, आणि आतून विष भिनतं. सलाइन लावून उबेच्या पेटीत ठेवलंय. पेटीचं तापमान हळूहळू वाढवणार, एकदम नाही. तीन दिवसांत पोट हललं तर बचावली. नाही हललं तर कापावं लागेल, आणि नऊ वर्षांच्या घोरपडीला भूल दिली तर ती उठेलच असं ते सांगत नाहीत.

अवधूत : वाचण्याची शक्यता किती?

कस्तुरी : मी विचारलं. ते म्हणाले, आकडा सांगितला तर तुम्ही तो धरून बसाल.

बाबा : वहीचं काय म्हणत होते? झेरॉक्स काढून घेतली ती?

कस्तुरी : म्हणाले, किती तास गार होती याची इतकी नेमकी नोंद आजवर कुणी आणलेली नाही. त्यावरून सलाइनचं माप ठरवता आलं. त्यांनी तुमच्यापुढे मान लववली ती त्यासाठी.

बाबा : मला वाटलं, मला बाहेर जायला सांगतायत. मी जाणारच होतो. त्या टेबलावर ती उताणी होती ना, तेव्हा पोटाची कातडी एवढी मऊ दिसली. मी तिला वरूनच पाहिली होती इतके दिवस.

कस्तुरी : आणि भारनियमन म्हणजे काय ते सांगताना माझी तारांबळ उडाली. मी म्हटलं, आमच्याकडे वीज पुरत नाही, म्हणून सगळे आळीपाळीनं अंधारात बसतात. ते म्हणाले, फार शिस्तीचा देश दिसतो.

अवधूत : आता एक प्रपोजल आहे. ऐकून घ्या. तीन दिवस थांबू. पोट हललं तर कुरोदा-सानना कशाला त्रास द्यायचा? परत आल्यावर निवांत सांगू. हसत हसत.

कस्तुरी : आणि उद्या सकाळी आठला?

अवधूत : प्रोग्रॅम बंद करतो. सर्व्हर डाऊन होता म्हणू.

बाबा : फोन लाव.

अवधूत : बाबा, तिकडे आत्ता सव्वाबारा झालेत, ते मीटिंगमध्ये असतील.

बाबा : मीटिंगमधून उठवायचं असतं अशासाठी. कुणाच्या घरचा माणूस दवाखान्यात आहे आणि त्याला तू कळवत नाहीस. एवढं मी सांगतो, ते ऐक. जपानीत बोल, इंग्लिशमध्ये बोल, पण दिव्याचं माझ्या नावानं सांग. माझ्या वडिलांनी बंद केला म्हण. घरातल्या कुणीतरी म्हणू नकोस.

अवधूत : ते माझे बॉस आहेत. माझं अप्रेझल त्यांच्याकडे आहे.

बाबा : ठाऊक आहे. जा. जिन्यात जाऊन बोल, इथे मोबाइलवर फुली मारलेलं चित्र लावलंय.

कस्तुरी : गेला. पायऱ्यांवर उभा राहिलाय, अजून नंबर लावलेला नाही. आता लावला.

बाबा : रविवारचं तिकीट पुढे ढकलता येतं का गं?

कस्तुरी : येतं. व्हिसाही आहे तुमचा. पण आई वाट बघत असतील, बाबा. आणि सुलेखाताई.

बाबा : लताला मी सांगीन.

कस्तुरी : काय सांगाल?

बाबा : झालं तेच. आधी हसेल. मग घोरपडीचं कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. तिला मुक्या जनावरांचं फार आहे. तिकडे पोराला माझी गरज आहे आणि इकडे हिला. कुठेही असलो तरी मी चुकीच्याच जागी असतो.

कस्तुरी : अंडी मी दिली, बाबा. सगळं स्वतःवर नका घेऊ.

बाबा : तुझी अंडी तिला पचली असती. मी पचू दिली नाहीत.

कस्तुरी : मला भरवताना बरं वाटायचं. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. अवधूत रात्री दहाला येतो, वाटेतल्या त्या चोवीस तास उघड्या कोनबिनी दुकानातून काहीतरी खाऊन. दुकानात मी दिवसाला दोनशे डबे भरते, ते कोण खातं मला ठाऊक नाही. ही एकटी माझ्या हातातून घ्यायची. शेवटी शेवटी तिला नकोच होतं, ते मला दिसत होतं. मी तरी देत होते.

बाबा : आला बघ तो.

कस्तुरी : काय म्हणाले?

अवधूत : थांब, बसतो जरा. आधी मेलचं सांगितलं. ते सगळ्यात अवघड होतं म्हणून आधी. मग अंड्यांचं, मग दिव्याचं. बाबांच्या नावानं सांगितलं. भारनियमन समजवायला लागलो तर म्हणाले, माहीत आहे, इथे गेस्ट हाउसलाही गुरुवारी दिवसभर वीज नसते.

बाबा : मग?

अवधूत : मग विचारलं, आता तिला ऊब आहे का. मी म्हटलं, आहे. म्हणाले, तुमचं मेल जपानमध्ये आठला सुटतं, म्हणजे इथे साडेचारला पोचतं. मी रोज साडेचारला उठून ते वाचत होतो.

कस्तुरी : अरे देवा.

अवधूत : मी माफी मागितली. तीन वेळा, तीन तऱ्हांनी. ते म्हणाले, समजलं.

बाबा : रागावले नाहीत?

अवधूत : नाही.

बाबा : रागवायला हवं होतं. मला दिला असतास फोन.

अवधूत : तुमच्यासाठी निरोप आहे. यापुढे दर तासाला तापमान आणि हालचाल त्यांना हवी आहे. पण माझ्याकडून नको. म्हणाले, 'अवधूत-सान, तुम्ही फक्त टाइप करा. ज्यांनी वही लिहिली आहे, ते सांगतील तेवढंच पाठवा.'

कस्तुरी : बाबांकडून?

अवधूत : बाबांकडूनच. म्हणाले, त्या गृहस्थांनी दिवा बंद केला तेव्हाही खरं लिहिलं.

बाबा : हे काही बरं बोलले असं मला वाटत नाही.

अवधूत : मलाही वाटत नाही. मला ते अप्रेझल वाटलं.

बाबा : दवाखाना किती वाजता बंद होतो?

कस्तुरी : सातला. पण रात्री एक नर्स असते, फोनवर सांगेल ती. आत्ता मी आत जाऊन विचारून येते. चार वाजलेत.

बाबा : पेटीवरचा काटा तू स्वतः बघ. ती सांगेल ते घेऊ नकोस.

अवधूत : ती नर्स आहे, बाबा.

बाबा : तूही इंजिनिअर आहेस.

अवधूत : मला एक सांगा. वहीत सह्या कशाला केल्यात? ती बघणार कोण होतं?

बाबा : कुणी नाही. सही केली की आपण केलं ते आपल्याला दिसतं. मला दिसत होतं, तरी करत होतो. तुझ्या प्रोग्रॅमला सही नव्हती, एवढाच काय तो फरक. त्यानं मी मोठा होत नाही.

अवधूत : तो मी बंद केला. जिन्यातूनच, ऑफिसातल्या मित्राला फोन करून. कारण विचारलं त्यानं. सांगितलं.

बाबा : खरं?

अवधूत : खरंच. हसला तो. मग म्हणाला, तुझ्या डेस्कखालच्या कॉम्प्युटरची तारच काढतो, म्हणजे चुकूनही मेल सुटणार नाही.

कस्तुरी : पाहून आले. चौतीस अंश. काचेतून मी स्वतः पाहिलं.

बाबा : डोळे?

कस्तुरी : मिटलेले.

बाबा : पोट?

कस्तुरी : श्वासाइतकंच. मी पाच मिनिटं उभी होते.

बाबा : शेपूट?

कस्तुरी : नाही, बाबा.

बाबा : घे अवधूत. तारीख घाल. सोळा-शून्य-शून्य. चौतीस अंश. श्वास चालू. डोळे मिटलेले. हालचाल नाही.

अवधूत : 'शांतपणे विश्रांती घेत आहे' असं लिहू का? तेही काही खोटं नाही.

बाबा : हालचाल नाही, असं लिही.

अवधूत : तिकडे एकटे आहेत ते. दिवसभर काळजी करत बसतील.

बाबा : करू देत. त्यांची आहे ती.